घोड्यावरून मोजलेला वाडा

एका राज्यात एके सकाळी राजवाड्याचा उंबरठा बोटभर उंच झाला. राजकन्या कुंदिनीला ठेच लागली आणि ती दचकली. पान पडले तरी ती दचके, म्हणून दासी नुसत्या हसल्या.

पण उंबरठा वाढतच गेला. दारे अरुंद झाली, पायऱ्या कमरेएवढ्या झाल्या, आणि गुडघ्यांनी थकलेला राजा चंद्रकेतू वरच्या महालात अडकला. कुंदिनी खालून हाका मारी. भिंती हाक पिऊन टाकीत. शिडी लावली, तर खिडकी मिटली.

चाफ्यावर एक साळुंकी राही. ती माणसासारखी बोले, फक्त जरा जास्त टोचून. तिने सांगितले, या राज्यात घर बांधण्याआधी जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढतात आणि त्यांवरून तिघांना चालवतात: एक रांगणारे, एक ओझे वाहणारे आणि एक काठी टेकणारे, तेही त्या घरातलेच. राजाला लग्नाची घाई होती. त्याने मांत्रिकाकडून रातोरात वाडा उठवला आणि रेघांवरून एकटाच गेला, तोही घोड्यावरून. तेव्हापासून वाडा तरण्या स्वाराखेरीज कुणाला ओळखत नाही; आता राजाच काठी टेकू लागला, तर त्यालाही परका समजतो आहे.

"कोणी अडवले नाही?"

"नवरदेवाला?" साळुंकी म्हणाली. "आता तिघांना तू चालव. सूर्य बुडाला की वरचे दार लिंपले जाईल."

कुंदिनीने मालिणीचे बाळ आणले. ते रांगत उंबरठ्याशी गेले, त्याला दोन चापट्या मारल्या आणि हसले. उंबरठा ओशाळून जमिनीला टेकला.

मग पाणी भरणारी भिवरा आली, डोक्यावर दोन घागरी, कडेवर एक. दार काही हलेना. भरल्या घागरीला वाट द्यायची असते एवढेही आईने शिकवले नाही का, असे तिने दाराला विचारले. दार निमूट रुंदावले.

तिसरे माणूस घरचेच हवे होते, आणि घरातले म्हातारे माणूस तर वर कोंडलेले. राजा खालीच दाराआड विसरलेली काठी कुंदिनीने उचलली.

"तुझे वय ते काय?" साळुंकीने टोचले.

"आज नाही. पण होईलच की."

ती वाकली. डोळे किलकिले केले, पाय ओढत निघाली. न्हाणीपाशी दचकली, इथे मी घसरेन म्हणाली. फरशी खरखरीत झाली. बोळात दचकली, इथे मला दिसणार नाही. भिंतीत झरोका उघडला. जिन्यापाशी तर ती इतकी घाबरली, की पायऱ्या आपणहून बसक्या झाल्या आणि बाजूने हाताला येईल असा कठडा फुटला.

"भित्रीला बरे सगळे दिसते," साळुंकी पुटपुटली आणि नव्या झरोक्यात घरट्यासाठी जागा पाहू लागली.

ऊन शेवटच्या पायरीवर आले होते. कुंदिनीने मान वर केली.

"आबासाहेब!"

या वेळी भिंतींनी हाक वर जाऊ दिली. मग वर कडी वाजली, कठड्यावर कुणाचा तरी हात सरकला.

"आलो गं, कुंदे. माझी काठी कोणी नेली?"