भित्री पट्टी

फार जुनी गोष्ट आहे, पण म्हातारे अजून तसेच आहेत. एका थंड डोंगरावर लाकडी घर होतं आणि घरात लोखंडी शेगडी. शेगडीच्या पाठीला धातूची पातळ पट्टी होती. आच वाढली की पट्टी भीतीने वाकायची, तिला लावलेली साखळी सैल पडायची आणि त्या साखळीने उचलून धरलेली हवेची झडप मिटायची. आग निवली की पट्टी सरळ व्हायची, झडप उघडायची आणि लाकडं पुन्हा पेट घ्यायची.

"झाली हिची घाबरगुंडी सुरू," शेगडीवरून छपराबाहेर गेलेले धुराडेआजोबा म्हणायचे. "आमच्या वेळी आग कशी घुमायची."

"आजोबा, तुमच्या आत काजळी साठलीय. ती पेटली तर छप्पर पेटेल. खाली पाळण्यात बाळ आहे," पट्टी म्हणायची.

"माझ्या पोटात काय आहे ते तू मला सांगणार?"

एका दुपारी जोराचा वारा सुटला. आजोबांच्या सांगण्यावरून शेगडीने झडपेच्या फटीत लाकडाची ढलपी सरकवली. आग घुमली तसे आजोबा खूश झाले. थोड्याच वेळात ते लालबुंद झाले आणि आतली काजळी तडतडू लागली.

"पोरी, झडप पाड," ते कापऱ्या आवाजात म्हणाले.

पट्टी केव्हाच पुरती वाकली होती. साखळी सैल लोंबत होती. झडप ढलपीवर अडून उघडीच होती.

बाळाला उचलून आई बाहेर पळाली आणि मागे पेटलेलं छप्पर कोसळलं.

संध्याकाळी राखेत आडवे पडलेले आजोबा शेगडीला सांगत होते, "पोरगी पहिल्यापासून भित्रीच. ऐन वेळी काही केलं नाही तिने."