सोडलं की सुटलं

"...मग अप्पा, जीभ जिंकली असं आता म्हणता येईल ना?"

सोमलिंगनं विचारलं तेव्हा मठात दुपारची पंगत बसली होती. पंचक्रोशीत त्याच्या प्रवचनांचा बोलबाला होता. ज्यांच्यापाशी तो बोलायला शिकला, त्या मल्लय्या अप्पांना आपली साधना सांगायला तो मुद्दाम आला होता.

"काय काय सोडलंस?"

"तिखट सोडलं. कढत चहा सोडला. घाससुद्धा लहान केलाय."

अप्पांनी त्याच्या ताटाकडे पाहिलं. ठेचा बाजूला सारलेला. भाकरी वरणात कुस्करून पार मऊ केलेली.

"आणि सुपारी?"

सोमलिंग हसला. "ती कुठं व्यसन आहे, अप्पा? प्रवचनाला बसलं की गालात एक खांड असतं, एवढंच."

अप्पा उठले आणि त्याच्यासमोर येऊन बसले.

"आ कर."

"अप्पा, चारचौघांत..."

"आ कर म्हणतो ना."

त्यानं तोंड उघडलं.

"आणखी."

"एवढंच उघडतं."

"तीन बोटं जुळव आणि उभी आत घाल."

दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्यानं जोर लावला, तसा गाल आतून चामड्यासारखा ताणला गेला.

"तिखट तू सोडलंस, सोमा... की तेच तुला सोडून गेलं?"

सोमलिंगचे कान तापले.

"माझ्या थोरल्या भावाचं तोंड असंच मिटत गेलं," अप्पा हळूच म्हणाले. "शेवटी चमचा जाईना. आणि आम्ही त्याला संयमी म्हणत राहिलो..."

त्याच दिवशी सोमलिंग तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी बॅटरी लावून गाल तपासला.

"सुपारीनं गाल आतून आवळत चाललाय, पांढरा पडलाय. म्हणून तिखट झोंबतं. इथूनच पुढं कर्करोगाची वाट फुटते. अजून वेळ गेलेली नाही, पण सुपारी आजपासून बंद. आणि तपासणीला येत राहायचं, बरं वाटलं तरी."

सुपारीवाचून पहिले दिवस कठीण गेले. प्रवचनात शब्द अडखळायचे, हात आपोआप खिशाकडे जायचा. औषध चालू होतं. रोज आरशापुढं उभा राहून तो तोंड उघडायचा व्यायाम करी. बोटभर जागा मिळवायला महिने लागले.

मग एका सकाळी अंगणात त्याला जांभई आली. चांगली तोंडभर, आवाज करत. तो तिथंच उभा राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

तसाच तो मठात गेला. अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अप्पा, दक्षिणा... काय देऊ?"

पंगत बसत होती. अप्पांनी वरणाची बादली त्याच्या हाती दिली.

"वाढ. ताटाकडे सगळेच बघतात. तू तोंडाकडे बघ."