एस्तेरबाई आणि तीस दिवसांची रशियन

“आणि ‘तो शेवटी काय म्हणाला’ हे कसं म्हणायचं?”

“आधी पाणी मागा,” बाई म्हणाल्या.

“ते काल झालं, मॅडम.”

“आज तहान लागत नाही का?”

कुलथ्यांनी डोळे मिटून घेतले. मग रशियनमध्ये पाणी मागितलं. बाईंनी तांब्या पुढे सरकवला.

“प्या.”

“मला नकोय.”

“मग मागितलंत कशाला?”

मी कोपऱ्यात वाटाणे सोलत बसले होते. हसू आलं, पण दाबलं. तो दिवस हसायचा नव्हता. तिसावा दिवस होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं.

एस्तेरबाई साळवे म्हणजे आमच्या नाशकातल्या जुन्या दुभाषी. विमानांच्या कारखान्यात रशियन इंजिनियर यायचे, त्या काळात बाईंनी तीस वर्षं त्यांचं बोलणं इकडून तिकडे केलं. इंजिनियरांच्या बायका भाजी आणायला निघाल्या तरी बाई सोबत. आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी शेजारची रूथ. चाळीस वर्षांपूर्वी मीही त्यांच्याकडेच रशियन शिकले, आणि निम्मी विसरले. आता त्यांचं दुपारचं जेवण माझ्याकडून जातं, म्हणून मी तिथे असते. कुणी हाकलत नाही.

आणि हे विद्याधर कुलथे. अर्ध्या नाशकाला त्यांनी इंग्रजी बोलायला शिकवलंय. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ ही पाटी त्यांचीच. बाईंकडेही त्याच बोलीवर आले. आल्या आल्या, उभ्यानेच, इंग्रजीतून सांगितलं, “तीस दिवस, मॅडम. व्याकरण नको. फक्त बोलायचं.”

बाईंनी मराठीत विचारलं, “कुणाशी?”

त्यावर कुलथे खाली बसले होते.

कारण असं, की त्यांचा शार्दूल गेला. एकुलता एक. व्होल्गाकाठच्या एका गावात डॉक्टरकी शिकत होता, चौथ्या वर्षाला. जानेवारीत न्यूमोनिया होऊन दवाखान्यात गेला, आणि तिथे पाचव्या दिवशी संपलं. इकडे पेटी आली. पोरगं ज्या म्हातारीच्या घरी भाड्याने राहायचं, ती झिनाइदा पेत्रोव्ना शेवटपर्यंत दवाखान्यात त्याच्या उशाशी होती. तिने मागाहून कुलथ्यांच्या फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप पाठवला. चार मिनिटांचा. सगळा रशियनमध्ये.

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी कुणाकडून तरी अर्थ काढून घेतला असता. फोनसुद्धा करतो म्हणे हल्ली भाषांतर. भाच्याने तसं सुचवलं तर कुलथे त्याच्यावरच खेकसले. “माझ्या मुलाचे शेवटचे शब्द मी मशीनच्या तोंडून ऐकू?” परक्या माणसाच्या तोंडूनही नको. स्वतः समजून घेणार. मग तिकडे जाऊन म्हातारीला समोरासमोर विचारणार. मोठा अभिमानी माणूस.

हे मला कुणी सांगितलं? त्यांच्या बायकोने, वत्सलाताईंनी. एकदा विसरलेला चष्मा द्यायला आल्या होत्या, तेव्हा फाटकापाशीच उभ्या राहून सांगितलं. “रोज संध्याकाळी विचारते हो यांना, काय म्हणाला तो? म्हणतात, थांब, शिकतोय.”

वत्सलाताई सिन्नरच्या. त्यांच्या घरात मराठी बोलायची नाही, असा कुलथ्यांचा नियम होता, पोरगं रांगायला लागल्यापासूनचा. ती माउली वीस वर्षं स्वतःच्या लेकाला मोडक्या इंग्रजीत जेवायला बोलवायची. मला ऐकूनच संताप आला होता.

आणि शिकणं म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. माणूस हुशार, त्यात वाद नाही. शब्द पटापट पाठ करायचे, वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवायचे. पण बोलायला लागले की इंग्रजीच रशियन कपडे घालून बाहेर यायची. दर वाक्याला ‘प्लीज’चा रशियन शब्द. दर श्वासाला ‘सॉरी’चा.

“एवढं नका हो विनवू,” बाई म्हणायच्या. “म्हातारी घाबरेल. म्हणेल, याला माझं घरदार हवंय की काय.”

आणि ते हसणं! बोलायच्या आधी दात दाखवायचे.

“हसता कशाला?”

“बोलण्याचा पहिला नियम, मॅडम. स्माइल.”

“त्या घरातून पोरगं गेलंय, कुलथे.”

पुन्हा हसले नाहीत. निदान बाईंसमोर तरी.

तर तो तिसावा दिवस.

“आता रूथला विचारा,” बाई म्हणाल्या. “कशी आहेस म्हणून.”

कुलथे माझ्याकडे वळले आणि रशियनमध्ये विचारलं. उच्चार अगदी स्वच्छ, मानलं पाहिजे.

मी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सुरू केलं, की गुडघा दुखतो, रात्री झोप...

“छान, छान,” कुलथे म्हणाले आणि बाईंकडे वळले. “पुढे?”

“पुढे काय? ती बोलतेय अजून.”

“पण मी तर फक्त...”

“तुम्ही विचारलंत ना? तिकडे उगाच कुणी विचारत नाही. विचारलं, की माणूस खरं सांगतो. गुडघा, सून, गळकं छप्पर, सगळं. ते संपेपर्यंत उभं राहावं लागतं.”

“इंग्रजीत तसं नाही, मॅडम. ‘हाऊ आर यू’ला उत्तर ठरलेलं आहे. ‘फाइन’. संपलं. मी हजारो मुलांना हेच शिकवलं. समोरचा काही सांगायला लागला, तर ते बॅड मॅनर्स...”

वाक्य तिथेच अडकलं.

मी वाटाणे सोलायची थांबले.

“दर रविवारी फोन असायचा,” कुलथे म्हणाले. आता मराठीत बोलत होते. “बरोबर दहा वाजता. मी विचारायचो, हाऊ आर यू, सन? तो म्हणायचा, फाइन, डॅड.”

...

“शेवटच्या रविवारीसुद्धा. तेव्हा अंगात ताप होता. चार दिवसांपासून होता. मला नंतर कळलं.”

...

“मी म्हटलं, गुड. आणि परीक्षेचं बोलायला लागलो.”

मला त्या माणसाचा इतका राग होता, त्या नियमापायी, त्या पाटीपायी. पण बाप तो बापच. पार खचून बसला होता.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि बाईंच्या समोर ठेवला.

“तीस दिवस झाले, मॅडम. रोज ऐकतो. आता थोडं कळतं. ‘दवाखाना’ कळतं. ‘पाणी’ कळतं. ‘दोन दिवस’ कळतं. आणि ‘पापा’ कळतं, तो शब्द तिकडेही तोच आहे. दोन वेळा येतो. म्हणजे माझ्यासाठी काहीतरी म्हणालाय तो. पण मधलं... मधलं काही केल्या कळत नाही.”

“तीस दिवसांत कळणारही नाही.”

“मग तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

कुलथ्यांनी मान खाली घातली. त्या माणसाने मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

“तुम्हीच सांगा, बाई,” ते म्हणाले. महिनाभर मॅडम मॅडम करणारा माणूस ‘बाई’ म्हणाला. “मी हरलो. घरी ती वाट बघतेय. रोज विचारते. काहीही असू दे, रागावलेला असू दे माझ्यावर, शिव्या दिल्या असल्या तरी चालेल. पण तो काय म्हणाला, तेवढं सांगा.”

बाईंनी फोन हातात घेतला, कानाशी धरला. चार मिनिटं त्यांचा चेहरा हलला नाही. मलाही थोडं ऐकू येत होतं. म्हातारीचा आवाज, खोकला, मागे नळाचं पाणी. निम्मं विसरले असले तरी निम्मं तर येतं. माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

ऐकून झाल्यावर बाईंनी फोन मांडीवर ठेवला.

“दुभाष्याने आपल्या पदरचं काही घालायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “ती म्हणाली ते जसंच्या तसं सांगते. मध्ये बोलू नका.”

“नाही बोलत.”

“ती म्हणते, दवाखान्यात पहिले तीन दिवस तो माझ्याशी नीट बोलायचा. पाणी मागायचा. खिडकी लाव म्हणायचा. मग ताप डोक्यात गेला. शेवटचे दोन दिवस तो रशियन बोललाच नाही.”

“इंग्रजी बोलला असेल,” कुलथे न राहवून म्हणाले. “त्याची ती...”

“मध्ये बोलू नका म्हटलं ना? ...ती म्हणते, इंग्रजी नव्हती. इंग्रजी मी टीव्हीवर ऐकते, मला ओळखू येते. ही दुसरीच भाषा. रविवारी वसतिगृहातली तुमच्याकडची पोरं जेवायला यायची, स्वयंपाकघरात भात शिजवायची, तेव्हा तो त्यांच्याशी बोलून खदखदा हसायचा, ती भाषा. पोरं सुट्टीला घरी गेली होती. कुणी नव्हतं. मी एकटी होते.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत बाई थांबल्या.

“ती म्हणते, खूप बोलला. दोन दिवस बोलत होता. मला एक अक्षर कळलं नाही. माझा हात धरून काहीतरी विचारायचा, पुन्हा पुन्हा तेच. मी ‘हो’ म्हणायचे. काय विचारतोय ते ठाऊक नाही, तरी ‘हो, हो बाळा’ म्हणायचे. ‘हो’ म्हटलं की थोडा वेळ शांत व्हायचा. पापा असते तर त्यांना कळलं असतं. मी पापा नाही. मी नको त्या गोष्टीला ‘हो’ म्हणाले असेन, तर मला माफ करा.”

...

“एवढंच?”

“एवढंच.”

“लातूरची पोरं होती ती,” कुलथे म्हणाले. “एक सांगलीचा होता. मराठी बोलत असणार.”

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

“मी त्याच्या तोंडून मराठी कधी ऐकलीच नाही, बाई. एकदाही नाही. कशी बोलायचा तो? गावाकडची बोलायचा की...”

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस ढसाढसा रडायला लागला, तोंडावर हातसुद्धा न घेता. मी उठून पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

मी रडत नव्हते म्हणाल, तर तसं नाही. देवा, एवढी दोन दिवस बोललेली भाषा, आणि ऐकायला होतं कोण, तर एक म्हातारी, जिला त्यातलं काही कळत नव्हतं. वत्सलाताई तिथे असत्या तर शब्दन् शब्द कळला असता. आता तो कुणालाच कळणार नाही. बाईंना नाही, मशीनला नाही, अख्ख्या रशियात कुणाला नाही. या दुःखाला औषध नाही. मला तरी माहीत नाही.

बऱ्याच वेळाने कुलथ्यांनी चष्मा पुसला आणि वही बंद केली.

“मग आता जाऊन उपयोग काय? एकच प्रश्न विचारायला निघालो होतो. त्याचं उत्तर तिच्याकडे नाही, कुणाकडेच नाही. तिकीट रद्द करतो.”

“नको.”

“मग तिकडे जाऊन त्या बाईला विचारू तरी काय, बाई?”

बाईंनी त्यांचा फोन त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली. माझ्या माहितीत, चाळीस वर्षांत बाईंनी कुठल्या शिष्याचा हात धरला नव्हता.

“ती त्याच्या उशाशी किती वेळ बसली होती, ते विचारा.”