पाडायची जागा

सात जानेवारी, रविवार. आकाश निरभ्र, वारा ईशान्येकडून अगदी मंद. सकाळचे नऊ वाजले तरी गवतावरचे दव वाळले नव्हते.

त्या सकाळी गावाबाहेरच्या एका माळावर एक मनुष्य आपले विमान घेऊन आला. कृत्रिम दात बनवणे हा त्याचा व्यवसाय. खऱ्या दाताशेजारी बसवलेला आपला दात ओळखू येऊ नये, या एकाच ध्यासात त्याची वीस वर्षे गेली होती. त्याच हातांनी, दुकान बंद झाल्यावर रोज दोन तास बसून, त्याने एका लढाऊ विमानाची प्रतिकृती घडवली होती. लांबी सात फूट, पोटात रॉकेलवर चालणारे खरेखुरे छोटे जेट इंजिन, आणि उडवायचे जमिनीवर उभे राहून, हातातल्या रिमोटने. खऱ्या विमानाचे फोटो भिंतीवर लावून त्याने पंखांवरचा एकेक रिव्हेट सुईच्या टोकाने उमटवला होता. या कामाला चार वर्षे लागली.

ही विद्या त्याला ज्यांनी शिकवली त्यांना सारे नाना म्हणत. वय शहात्तर. चाळीस वर्षे ते अशी विमाने उडवत आले होते. माळावर त्यांचा एक नियम होता. नवे विमान पहिल्यांदा उडवण्यापूर्वी, ज्याने ते बांधले त्याने स्वतः चालत जाऊन मोकळ्या जागी एक लाल झेंडा रोवायचा आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणायचे, "पाडायची वेळ आली, तर इथे पाडीन."

धावपट्टीलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या दिवशी चौदा माणसे जमली होती. शिष्याची पत्नी पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या भावाने झेंडा पाहिला आणि त्याला हसू आवरेना.

"दाजी, मांडवात उभं राहून काडीमोडाची जागा ठरवताय होय?"

"गप रे," बहीण म्हणाली. पण तिलाही तो झेंडा आवडला नव्हता.

शिष्य ओशाळला. धावपट्टीच्या पलीकडच्या पडीक जमिनीत जाऊन त्याने झेंडा रोवला आणि परत येऊन नियमाचे शब्द पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," नाना म्हणाले.

त्याने ते पुन्हा, मोठ्याने म्हटले.

पहिल्या उड्डाणाला शिष्याचा रिमोट एका वायरने नानांच्या रिमोटला जोडण्याची पद्धत होती. नानांनी आपले बटण दाबले की विमान त्यांच्या ताब्यात जाई. ते बटण दाबताना त्यांना क्वचितच कुणी पाहिले होते.

इंजिनाची शीळ चढत गेली. विमान धावले, उचलले गेले, आणि चाके पोटात घेऊन निळ्या आकाशात असे सरळ शिरले की शेडमधली माणसे उठून उभी राहिली. पहिली फेरी निर्दोष झाली. "अगदी खरं वाटतं हो!" पत्नी म्हणाली. तिने खोक्याची दोरी सोडली.

दुसऱ्या फेरीत, माळाच्या दूरच्या टोकाला, शिष्याने विमान उजवीकडे वळवले. ते वळले नाही. त्याने पुन्हा अंगठा दाबला. विमान सरळ जात होते, डावीकडे ऐकत होते, उजवीकडे मात्र ऐकत नव्हते. खाली, नाकासमोर, लाल झेंडा होता. डावीकडून मोठा वळसा घेतला असता तर ते धावपट्टीवर आणता येणार होते. पण तो वळसा शेडवरून जात होता.

एकदाच तर जायचं आहे, त्याच्या मनात आले.

"काय झालं?" नानांनी विचारले.

"काही नाही."

"उजवीकडे का घेत नाहीस?"

"डावीकडून आणतो, नाना. येतंय."

विमानाचे नाक डावीकडे वळू लागले. आपल्याकडे येणारे विमान पाहून मेहुण्याने टाळ्या वाजवल्या.

एकाएकी शीळ तुटली. विमान सरळ झाले, त्याने नाक खाली घातले, आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटण्याआधी ते पडीक जमिनीत घुसले. आवाज मागाहून आला. मग धूळ, आणि धुळीतून काळा धूर.

शिष्याला आपले अंगठे दिसत होते. ते अजूनही डावीकडे दाबत होते. मग त्याची नजर नानांच्या हाताकडे गेली. त्यांचे बोट बटणावर होते.

"तुम्ही?" तो म्हणाला. "नाना, तुम्ही पाडलंत?"

"हो."

"चार वर्षं! इंजिन चालू होतं, ते येत होतं!"

"आलंही असतं."

"मग का?"

मेहुणा आग विझवायचे नळकांडे घेऊन धावत गेला. तो धुरापर्यंत पोचेतो नाना थांबले.

"तू सगळं खऱ्यासारखं केलंस," ते म्हणाले. "एक गोष्ट आपल्याला कुणालाच करता येत नाही. खऱ्या विमानात चालवणारा आत बसलेला असतो. काही बिघडलं की त्याला स्वतःच्या जिवाची भीती वाटते. आपण इथे जमिनीवर उभे. विमान पडलं तर आपल्याला खरचटतसुद्धा नाही, लागायचं ते दुसऱ्यांना. म्हणून आपल्या हाताला भीती नसते, नुसता मोह असतो. इंजिन सुरू झालं की हात मोहाचंच ऐकतो. माझाही ऐकतो. म्हणून आधी, विमान धड असताना, जागा ठरवून ठेवायची. ती तूच ठरवलीस. मी तुझा शब्द पाळला."

शिष्याने मागे वळून पाहिले. शेडमध्ये पत्नीने खोक्याचे झाकण परत लावले होते. ती त्याच्याकडेच बघत होती.

"मी 'काही नाही' म्हणालो," तो म्हणाला.

"हं. उजवीकडे वळत नाही असं म्हणाला असतास, तर पाडायचं काम तुझ्याच हाताला दिलं असतं."

अवशेष गार झाल्यावर दोघांनी उजवा पंख शोधला. पंखाची मागची पट्टी हलवून विमान वळवणारी सळई तिच्यावरच्या आवरणात अडकून बसली होती. ते आवरण दोन मिलिमीटरने अरुंद होते. फोटोत ते तेवढेच नाजूक दिसते, म्हणून त्याने ते तसे घासले होते.

शिष्याने पावले मोजली, झेंडा उपटला, आणि उड्डाणासाठी आखून आणलेल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले:

हवेत: दोन मिनिटे अकरा सेकंद. झेंड्यापासून: नऊ पावले. शेडमध्ये: चौदा माणसे, सर्व सुखरूप.