लिंपलेला रांजण

शेवट ओळखून दाखवा. ओळखलात तर माझी कवळी तुमची, वरची आणि खालची दोन्ही. नाही ओळखलात तर गुमान ऐकायचं.

"पोराला छातीशी धरून आई आली. विचारते, जगेल का. डॉक्टर म्हणाले, कदाचित. मग तू तिला काय सांगशील... जगतंय, की जगावं?"

विचारणारे फादर बस्त्याव. समोर बसलेला आपल्या वसईकडचा इनास तुस्कानो. पुण्याला सहा वर्षं राहून स्पॅनिश शिकून आलेला, पहिल्या नंबरानं. चालताना मान अशी वर, की झाडावरच्या नारळालाही वाटावं आपण खाली लोंबतोय.

फादरची उमर गेली पेरूत. खायचा नव्हे हो, देश. म्हातारपणी ते गावच्या चर्चला परतले. तिथं डोंगरातल्या दवाखान्याला दुभाष्या हवा होता. डॉक्टर बोलणार इंग्रजी, ह्यानं ते आजाऱ्याला स्पॅनिशमध्ये सांगायचं. फादर हो म्हणाले तर इनास विमानात. नाही म्हणाले तर बापाच्या केळीच्या वाडीत, पाटाचं पाणी वळवायला.

आता त्या स्पॅनिशची खोड अशी, की एकेका क्रियापदाला दोन रूपं. जे आहे ते सांगायला एक. बीवे, म्हणजे जगतंय. जे मनात आहे पण हातात नाही, त्याला दुसरं. बीवा, म्हणजे जगावं. कुठं कुठलं घालायचं, ह्यात भलेभले आपटतात. इनास आपटत नव्हता. त्याला नियम झोपेत पाठ.

"कदाचितला दोन्ही चालतात," तो म्हणाला. "बोलणाऱ्याला खात्री किती, त्यावर ठरतं. ह्यात पुस्तकंसुद्धा चुकतात, फादर. मी नाही चुकत."

"आणि खात्री?"

"ती करून घ्यायची. अंदाजानं बोलायची मला सवय नाही."

 फादरनी अंगणातल्या रांजणाकडे बोट केलं...

तो रांजण साधा नव्हे. दर वर्षी सणाच्या आधी गावातली प्रत्येक वाडी आपला पहिला घड फादरकडे आणून देते. आमच्या केळ्याची बरोबरी कुणी करून दाखवावी, पैज. घड रांजणात रचायचे, आत गोवरीची धुरी द्यायची, तोंडाला झाकण घालून मातीनं लिंपायचं. सणाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, संपली की फोडायचं, आणि घराघरात वाटायचं. त्याआधी आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा त्या मातीला बोट लावत नाही.

"आतली केळी," फादर म्हणाले, "पिकलीत, की पिकावीत? घंटा वाजवून येतो. आल्यावर सांग."

गेले.

इनास हसला. एवढंच? पिकलीत म्हणायचं तर खात्री पाहिजे, आणि खात्री तर हाताच्या अंतरावर. सहा वर्षं पुण्यात काढलेला माणूस. त्यानं दगड घेतला आणि माती फोडली.

फादर परत आले तेव्हा धूर अंगणभर झाला होता. इनास ताठ उभा, हातात घड. हिरवागार.

"पिकली नाहीत, फादर. जे आहे ते सांगायचं रूप. शंभर टक्के."

फादरचा चेहरा उतरला. त्यांनी रांजणात हात घातला, तसाच ठेवला... ऊब निघून गेली होती. एकदा गेली की परत लिंपून उपयोग नसतो. केळी काळी पडतात, पण पिकत नाहीत.

"उत्तर बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "आता हेच घरोघर सांगून ये. सणाला केळी नाहीत."

इनास निघाला तो मान वर करूनच. पहिल्या दाराशी वाटलं, एवढं काय त्यात. तिथं बायांनी विचारलं, पुण्यात केळी दगडानं पिकवतात का रे? पुढच्या दारी त्याचाच चुलता हसून हसून ओट्यावर बसला. तरी गडी प्रत्येक ठिकाणी नीट, स्पष्ट सांगत गेला. केळी नाहीत.

शेवटचं घर कत्रीनबायचं. नव्वदीची म्हातारी, तोंडात एकही दात नाही, महिनाभर पेजेवर. दर सणाला त्या रांजणातलं एक केळं तेवढं मागायची. हिरड्यांनी कुस्करून खायची, डोळे मिटून.

इनासनं सांगितलं. ती उठून बसली. त्याचा हात धरला.

"पुढच्या सणाला होतील ना रे?"

"होतील, बाय."

"आणि मी? मी असेन का खायला?"

 इनासला नियम सगळे पाठ होते. हाताच्या अंतरावर म्हातारी होती. फोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

तो तिच्याजवळ खाली जमिनीवर बसला. म्हणाला, "असावीस, बाय."

परतला तेव्हा फादर रांजणाची फुटकी माती गोळा करत होते. त्यानं न विचारताच सगळं सांगितलं, मान खाली घालून. मग म्हणाला, "मी वाडीत जातो, फादर. पाणी वळवायचंय."

फादर मातीचं ढेकूळ हातात फिरवत राहिले...

"विमानाचं तिकीट काढ," ते म्हणाले. "किंमत कत्रीननं भरलीय, सणाचं केळं देऊन."