हौसाक्काची रेघ

गावाला अजून रस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या या तांबखडीत हौसाक्का नावाची एक बाई राहायची. पटकीच्या साथीत तिचा नवरा गेला, पाठोपाठ तान्ही लेक गेली. ती रडली नाही. तिनं श्वास आत ओढला आणि तो आतच धरून ठेवला, असं म्हणतात. तेव्हापासून तिचा दम कधी तुटत नसे.

गावातली पोरं देवळापुढच्या पटांगणात हुतूतू खेळायची. पोरींनी पाणी आणायचं, शेण थापायचं आणि लवकरच सासरी जायचं. हौसाक्का गुरं वळायच्या निमित्तानं त्यांना ओढ्याच्या कोरड्या पात्रात न्यायची आणि वाळूत रेघ ओढून खेळ शिकवायची. "पोरींनो, अंगाला नुसतं ओझंच ठाऊक असू नये," एवढंच म्हणायची.

त्या साली पाऊस आला नाही. पोरी उघड्यावर मांड्या थोपटतात म्हणून देव कोपला, असं गाव बोलू लागलं. आयांनी पोरींना घरात कोंडलं. एकीला बापानं इतकं मारलं की ती जन्मभर लंगडत चालली. तेव्हा हौसाक्का चावडीवर गेली आणि पोरींसाठी पटांगण मागितलं. कारभारी आबा हसले. त्यांनी अट घातली, की जत्रेदिवशी तिनं एकटीनं गड्यांवर चढाई करायची. शिवून मधल्या रेघेपर्यंत परत आली, तर पटांगण पोरींचंही. नाहीतर तिनं गाव सोडायचं आणि पोरींनी पुन्हा खेळाचं नाव काढायचं नाही.

जत्रेला सारं गाव लोटलं. हौसाक्कानं कासोटा घट्ट केला, मातीला हात लावला आणि हुतूतू म्हणत आत शिरली. एकामागून एक गडी शिवत गेली. परत फिरताना तिचा दीर केरबा यानं तिचा पाय धरला आणि सगळे तिच्यावर पडले. ढिगाखालून हुतूतू चालूच राहिलं. दिवस कलला, गुरं घरी आली, तरी चालूच. ढीग बोटबोटभर रेघेकडं सरकत होता. झाडावरची पाखरंही गप्प झाली, असं म्हणतात.

मग केरबाच्या हाताला तिचा पाय गार लागला. "वहिनी गेली," तो म्हणाला. गडी बाजूला झाले. हौसाक्का पालथी पडली होती, एक हात पुढं पसरलेला. बोटं रेघेपासून वीतभर लांब. आणि हुतूतूचा आवाज मातीतून येतच होता.

"हरली," कारभारी म्हणाले, पण हळूच.

तेव्हा त्यांची म्हातारी आई, धोंडाई, काठी टेकत पटांगणात आली. तिनं पायानं जुनी रेघ पुसली आणि काठीनं हौसाक्काच्या बोटांशी नवी ओढली.

"रेघ इथं आहे," ती लेकाला म्हणाली. "पुसायची असेल तर आधी मला तुडव."

कारभाऱ्यांनी मान खाली घातली. तेव्हा कुठं तो आवाज थांबला, असं म्हणतात.

पटांगण मिळालं. पण वर्षभर भीतीनं एकही पोरगी तिकडं फिरकली नाही. पहिली आली ती केरबाची लेक. त्यानंच तिला बोटाला धरून आणलं, रेघेपाशी सोडलं आणि मागं न बघता तो रानात निघून गेला.

अजूनही आपल्या पटांगणाची मधली रेघ वीतभर सरकलेलीच आखतात. बाहेरगावचे खेळाडू कुरकुरतात, पण ती कुणी सरळ करत नाही. जत्रेत पहिला डाव पोरींचा असतो, आणि तो संपेपर्यंत गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.