प्रत्यंचेची गाठ

एका राज्यात, जेथे पाळण्यातले मूल आईच्या हाकेइतकीच घोड्याची टाप ओळखी, बारा वर्षे एकही शिंगरू जन्मले नव्हते. राज्य डोंगरांच्या कुशीत वसलेले. मीठ घाट चढे ते घोड्याच्या पाठीवर, धान्य घाट उतरे ते घोड्याच्या पाठीवर. आता पागेतले सर्वांत धाकटे जनावर बारा वर्षांचे झाले होते. आणखी काही वर्षांनी पागा रित्या होणार, घाट मुके होणार आणि राज्य मिठावाचून विरून जाणार, हे लहानथोर सारे जाणत होते. बोलून मात्र कोणी दाखवीत नसे.

शाप कसा लागला, तेही सारे जाणत होते. राज्याच्या उत्तरेस सातशिखरी नावाचा महापर्वत. त्यावर मृगयेस जाण्याची एक रीत होती, राजघराण्याहूनही जुनी. शिवेच्या दगडापाशी राजाने घोडा थांबवावा, धनुष्याची प्रत्यंचा उतरवावी आणि वाटाड्याच्या हाती द्यावी. वाटाड्याने ती आपल्या कमरेस बांधावी. तेथून पुढे राजा हा राजा नव्हे, डोंगराचा पाहुणा. धनुष्य पाहुण्याचे, बाण पाहुण्याचा, नेमही पाहुण्याचा. दोरी मात्र वाटाड्याची. जनावर पाणी पीत असेल, पिलासवे असेल, तर दोरी सुटावयाची नाही. एरवी ती सुटावी आणि क्षणाचाही विलंब होऊ नये.

बारा वर्षांमागे थोरल्या महाराजांनी देवटाक्यावर पाणी पिणारी गाभण सांबरीण पाहिली आणि दोरी मागितली. वाटाड्या होता सिदोजी, सात पिढ्यांचा वाटाड्या. महाराजांनी डोळे वटारले, आणि सिदोजीच्या बोटांनी गाठ सोडली. सांबरीण पडली. टाक्याचे पाणी तांबडे झाले, आणि डोंगर एकदाच बोलला: "येथे एक कूस मिटली. तुमच्या घोड्यांच्या सर्व कुशी मिटल्या."

त्याच वर्षी महाराज गेले, सिदोजीही गेला. मागे राहिली सिदोजीची लेक भिवरा.

भिवरा आता चाळिशी उलटलेली, सडसडीत, अल्पभाषी. मिठाचे तांडे ती घाट पार करून देई, ओठांवर अखंड नाम असे. बापाचा वाटाडेपणाचा रेशमी कमरपट्टा तिने देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. रोज त्यावर एक फूल वाही. बांधला एकदाही नाही. तिची घोडी केतकी हे राज्यात जन्मलेले शेवटचे शिंगरू, शाप लागला त्याच पहाटेचे. केतकीच्या पापण्या पांढुरक्या होऊ लागल्या होत्या. भिवरा तिच्या पोटावरून हात फिरवी तेव्हा नाम क्षणभर थांबे. तेवढेच एक दुःख तिने देवाला बोलून दाखविले नव्हते.

एके दिवशी सकाळी थोरल्या महाराजांचा मुलगा, राजा धैर्यशील, तिच्या दारी आला. तिशीचा, देखणा, घाईचा. अबलख घोड्यावरून न उतरताच त्याने विचारले,

"भिवरा, सातशिखरीची वाट किती जणांस ठाऊक आहे?"

"खाली येणारी पुष्कळांस, महाराज. वर जाणारी मला."

"मांत्रिक वज्रजंघ सांगतो, शिखरावर सोन्याच्या शिंगांचे सांबर आहे. बारा वर्षांतून एकदा ते देवटाक्यावर उतरते, आणि तो दिवस आजपासून तिसरा. एका बाणात ते पाडले आणि शिंगे त्याच्या हाती दिली, की शाप सुटला. तुझ्या बापाने वाट दाखविली होती, तू दाखव."

"वाट त्यांनी बरोबरच दाखविली होती. गाठ चुकली." भिवरा उठून उभी राहिली. "मी येईन. रीत मात्र पाळावी लागेल."

"आणि मी हुकूम केला तर?"

"तर महाराजांनी हुकमावरच खोगीर घालावे. कड्यावरून तो कसा चालतो, ते समजेल."

केतकीच्या खोगिरावर एक भारद्वाज बसला होता. सातशिखरीचे भारद्वाज बोलतात, सांगण्यासारखे काही असेल तेव्हा. तो म्हणाला, "हुकमाला नाल नसते, राजा."

रागवावे की हसावे या विचारात राजा पडला आणि हसला. भिवराने देव्हाऱ्याशेजारचा पट्टा उचलला, कपाळी लावला आणि बारा वर्षांनी कमरेस बांधला.

शिवेच्या दगडापाशी राजाने प्रत्यंचा उतरवून तिच्या हाती दिली. भिवराने ती पट्ट्यावरून दोन वेढे देऊन गाठ मारून बांधली आणि घोडी पुढे काढली. "चला, पाहुणे. माझ्या घोडीच्या टापेवर टाप ठेवा. बोलू नका."

"इतके तर माझी राणीही मला..."

"पाहुणे."

राजाने घोडा तिच्या मागे घातला.

पहिल्या दिवशी खिंडीत शिरताच केतकीने कान टवकारले. भिवराचे सारे चित्त कानांत आले. वर दगड घसरला, आणि धुराचा वास आला. वाटेत आडवा येईल म्हणून वज्रजंघाने आधीच सांगितलेला अग्निखुरी गवा तो हाच. कळपातून फुटलेला, एकटा, मदाने आंधळा. त्याचे खूर पडत तेथे ठिणग्या उडत. तीन तांडे त्याने दरीत लोटले होते. खिंडीच्या तोंडाशी तो प्रकटला आणि मान खाली घालून सुटला.

राजाने दोरी मागावी तोच ती त्याच्या मांडीवर पडली होती. भिवराने गाठ केव्हा सोडली, ते भारद्वाजालाही दिसले नाही. "खांद्यामागे, चार बोटे खाली," ती म्हणाली आणि वाट मोकळी करून केतकीला कड्याशी उभी केली. राजाने धनुष्य चढविले. घोडा तसूभर हलला नाही. बाण सुटला, आणि तो काळा पर्वत अबलखच्या पुढ्यात गुडघ्यांवर आला.

भिवरा उतरली. गव्याच्या तोंडात तिने पाण्याचे थेंब सोडले, डोळ्यांवर पान ठेवले, नाम घेतले. खुरांतला अग्नी विझला. मग दोरीसाठी हात पुढे केला. राजाने ती निमूटपणे दिली. नेम आपला खरा. पण त्या नेमाचा क्षण कोणीतरी ओंजळीत धरून आणून दिला होता, हे त्यास उमगले आणि त्याची छाती अभिमानाने भरून आली. आपल्या राज्यात अशी माणसे आहेत!

दुसऱ्या दिवशी बांबूच्या रानात अस्वल दिसले. कपाळावर मणी, मण्याचा उजेड झाडांवर. हा मणी हाती आला तरच पुढची वाट सापडेल, असे मांत्रिकाने बजावले होते. राजा कुजबुजला, "दोरी."

"तिच्या पाठीवर पाहा."

पाठीच्या केसांत दोन पिले घट्ट रुतून बसली होती.

"मण्यावाचून वाट कशी सापडेल?"

"मग मी कशाला आले आहे?"

अस्वलीण मणी घेऊन रानात शिरली. राजा संतापाने तांबडा झाला. भिवराने मात्र घोडी झाडांतून चालविली. कोठे सांबराने शिंगे घासून साल सोलली होती, कोठे लेंड्या अजून ओल्या होत्या, कोठे पाला पुरुषभर उंचीवर खुडलेला होता. एका बुंध्यावर सोन्याची धूळ होती. ती बोटावर घेऊन तिने राजाच्या तळहातावर ठेवली.

"मण्याच्या उजेडात इतके बारीक दिसत नाही," भारद्वाज म्हणाला.

तिसऱ्या दिवशी माध्यान्ही ती दोघे देवटाक्यावर पोहोचली. कातळात कोरल्यासारखे निळे पाणी, भोवती उंबर. आणि काठावर सोनशिंगे सांबर पुढचे पाय रोवून, मान लववून पाणी पीत होते. शिंगांचे तेज पाण्यात सूर्यासारखे पडले होते. वर आकाशात एक गिधाड घिरट्या घालीत होते. त्याने वज्रजंघाच्या आवाजात हाक दिली,

"राजा, आताच! डोके वर काढताच ते धुके होऊन जाईल. मग आणखी बारा वर्षे! तोवर तुझ्या पागेत एकही घोडे उरणार नाही!"

"दोरी," राजा म्हणाला.

"पाणी पीत आहे."

"ऐकलेस ना? सारे राज्य या एका बाणावर आहे!"

"ऐकले."

राजाने तलवार उपसली. तिचे टोक भिवराच्या कमरेशी आले, अगदी गाठीपाशी. "भिवरा, मी मागत नाही. मी आज्ञा करतो."

भिवराचा हात आपोआप गाठीकडे गेला. तिने तो पाहिला, आणि तिला आपल्या हातात बापाची बोटे दिसली. तीच पेरे, तीच नखे. खाली केतकीचा श्वास मांड्यांना जाणवत होता. एक बाण, आणि या घोडीच्या पोटी शिंगरू. नाही तर हिच्यामागून काहीच नाही. बारा वर्षे देवाला न सांगितलेले दुःख वर आले. ओठांवरचे नाम थांबले.

बाबाही चांगलेच होते, तिच्या मनात आले. ते केवळ एका क्षणापुरते भ्याले.

मग तिने गाठीवरचा हात काढला आणि दोन्ही हात केतकीच्या मानेवर ठेवले. नाम पुन्हा सुरू झाले.

"पाहुणे, तलवार चालवा. दोरी कापून घ्याल. पण कापलेल्या दोरीवर बाण चढत नाही. ती सोडूनच द्यावी लागते, आणि मी सोडणार नाही."

गिधाड किंचाळले. राजाने वर पाहिले नाही. त्याने भिवराकडे पाहिले. तिची मान ताठ होती. खिंडीतला तो क्षण त्यास आठवला. जिने काल-परवा निमिषात दोरी दिली, तीच आज प्राणावर उदार होऊन देत नाही. तेव्हाचे देणे आणि आताचे न देणे एकच होते. आपल्या वडिलांना असा नकार कोणी दिला असता, तर?

त्याने तलवार म्यान केली. घोड्यावरून उतरला, बिनदोरीचे धनुष्य केतकीच्या पायांशी ठेवले आणि म्हणाला, "डोंगर तुमचा, भिवराबाई. तुम्ही म्हणाल तसे."

सांबर मनसोक्त पाणी प्याले. मग डोके वर काढले. धुके झाले नाही. ओठांवरून थेंब निथळत असता ते शांतपणे बोलले,

"एकाने मागितले आणि दुसऱ्याने दिले, तेव्हा शाप लागला. आज एकीने दिले नाही आणि दुसरा थांबला. सिदोजीची गाठ आज नीट बसली."

इतके बोलून त्याने मान झटकली. सांबरे ऋतू आला की शिंगे टाकतात, त्यानेही टाकली. सोन्याची दोन्ही शिंगे कातळावर वाजली, आणि बोडक्या माथ्याचे ते सांबर साध्या सांबरासारखे उंबरांत निघून गेले.

गिधाड बाणासारखे खाली आले. ते वज्रजंघच होते. वज्रजंघास शापाशी कधी कर्तव्य नव्हतेच. शिंगांत पूर्वीच्या कोणा राजाचे शापित धन होते, ते त्यास हवे होते. रक्त सांडून मिळाली असती तर ती त्याची झाली असती. रक्तावाचून उचललेली शिंगे नख्यांत धरून तो उडाला, आणि तिसऱ्या शिखरावर बसताच त्या धनाच्या शापाने दगड झाला. शिंगांसह तो अजून तेथेच आहे. कोणी वर जात नाही.

तेव्हा केतकी खिंकाळली. शेवटचे बारा वर्षांपूर्वी शिंगरू असताना खिंकाळली होती तशी, कोवळी, उंच. खाली दूर दरीतून पागेतल्या सगळ्या घोड्यांनी उत्तर दिले. भिवराने तोंड केतकीच्या आयाळीत लपविले. राजाने दुसरीकडे पाहिले; पाहुण्याने तसेच करावे.

अकरा महिन्यांनी केतकीला शिंगरू झाले. काळेभोर, कपाळावर चांदणी. त्या वर्षी पागेत तीनशे शिंगरे उड्या मारीत होती, आणि घाटातून मिठाचे तांडे गाणी म्हणत चढत होते.

भिवराने कमरपट्टा पुन्हा देव्हाऱ्याशेजारी ठेवला नाही. पुढल्या मृगयेच्या दिवशी ती शिवेच्या दगडापाशी गेली, तो राजा आधीच येऊन उभा. घोड्यावरून उतरलेला, प्रत्यंचा उतरवून दोन्ही हातांवर धरलेली. त्याच्यामागे सारा दरबार पायउतार होऊन उभा होता, आणि त्यांच्या मधून चांदणीचे शिंगरू दुडक्या चालीने भिवराकडे धावत येत होते.

"लवकर आलात, पाहुणे," ती म्हणाली आणि दोरी कमरेस बांधली.

जो डोंगर चढतो त्याला अशी वाटाडी भेटो, आणि जिच्या कमरेस दोरी आहे तिला नाम न सुटो.